घोडा ट्रेलरमध्ये चढत का नाही?

गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरचा रॅम्प, म्हणजे चढायची तिरकी फळी, खाली टाकलेला आहे. एक जण म्होरकीचा दोर पुढे ओढतोय, दोघं मागून रेटतायत, चौथ्याच्या हातात चाबूक आहे. घोडा पुढचे पाय रोवून, मान ताणून, घामाघूम होऊन उभा. असे व्हिडिओ बरेच फिरतात आणि पाहणाऱ्याचं मत लगेच होतं की घोडा हट्टी आहे, लाडावलेला आहे, त्याला एकदा इंगा दाखवायला हवा.

कधीच ट्रेलर न पाहिलेल्या घोड्याची गोष्ट वेगळी. त्याला पायाखाली पोकळ वाजणारी फळी आणि समोरची अंधारी खोलीच पुरेशी भीतीदायक असते. पण आधी निमूट चढणारा घोडा एके दिवशी नकार देऊ लागला, तर कारण रॅम्पवर शोधू नका. ते बहुधा मागच्या प्रवासात असतं. आत त्याचा तोल जात होता, तो भिंतींवर आदळत होता, आणि हे कुणालाच दिसलं नाही, कारण माणसं पुढच्या गाडीत बसली होती. चढायला नकार देणं ही त्याची आठवण आहे. म्हणून घोड्याला चढायला शिकवण्याआधी त्याचा प्रवास सुधारावा लागतो. तो कसा सुधारायचा, हे तोलापासून सुरू करून पाहू.

चार पाय असूनही तोल का जातो?

चार पायांचा प्राणी दोन पायांच्या माणसापेक्षा स्थिर असणार, असं आपण गृहीत धरतो. घोड्याच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. त्याचं जवळपास सगळं वजन वरच्या धडात असतं आणि खाली लांब, बारीक पाय. उभ्या घोड्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर येतं, कारण मान आणि डोकं पुढे काढलेलं असतं. त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं मानता येतं तो बिंदू, कोपराच्या थोडा मागे आणि बराच वर असतो. पुढे-मागे त्याला आधार भरपूर मिळतो, पण डाव्या-उजव्या खुरांमधलं अंतर कमी असल्यामुळे बाजूला ढकलला गेला की तो चटकन डळमळतो.

यावर त्याच्याकडे दोन उपाय आहेत: पाय फाकवणं, आणि मान-डोकं हलवून वजन सावरणं. हे दोन्ही त्याला करता आले, तर तो बराच वेळ बरा उभा राहतो. आपण ट्रेलरमध्ये नेमके हेच दोन उपाय काढून घेतो. दोन घोड्यांच्या जागांमधली फळी जमिनीपर्यंत लावून पाय अडवतो आणि दोर आखूड बांधून डोकं अडवतो.

वळणावर नेमकं काय घडतं?

गाडीत बसून गेलेल्या आणि बसमध्ये उभ्यानं गेलेल्या दोन माणसांना रस्त्याबद्दल विचारा. बसलेला म्हणेल, छान गुळगुळीत होता. उभा असलेल्यानं प्रत्येक वळण, प्रत्येक ब्रेक दंडात आणि पोटऱ्यांत मोजलेला असतो. आता त्या उभ्या माणसाचे हात काढून घ्या, खिडकी बंद करा आणि पुढचं वळण कधी येणार हे त्याला कळू देऊ नका. घोडा अशा अवस्थेत प्रवास करतो.

आकड्यांत पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. 30 मीटर त्रिज्येचं एक साधं वळण घ्या. ते ताशी 20 किलोमीटर वेगानं घेतलं, तर 500 किलोच्या घोड्याला बाहेरच्या बाजूला सुमारे 50 किलो वजनाइतका रेटा बसतो. तेच वळण ताशी 40 नं घेतलं, तर रेटा 200 किलोच्या पुढे जातो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. चालकाला आसनाची पाठ, पट्टा आणि स्टिअरिंगचा आधार असतो, शिवाय वळण डोळ्यांना दिसत असतं. त्यामुळे ताशी 40 चं वळण तो सहज निभावून नेतो. मागे मात्र घोड्याला तेवढा वेळ जवळपास निम्म्या वजनाचा धक्का बाजूने सोसायचा असतो, तोही अचानक.

ब्रेकचंही असंच. ताशी 40 वरून तीन सेकंदांत थांबलात, तर तोच घोडा 190 किलोच्या रेट्यानं पुढे ढकलला जातो. थांबायला दहा सेकंद घेतलेत, तर हा रेटा 57 किलोवर येतो. रस्ता तोच, घोडा तोच, फरक फक्त ब्रेकवरच्या पायाचा.

काही घोडे वळणावर तोल जाताच घाबरून चारही पायांनी धडपडू लागतात, भिंतीवर पाय चढवतात, कधी खाली पडतात. बाहेरून फक्त धडाधड आवाज येतो आणि चालकाला वाटतं, मागे घोडा लाथा झाडतोय, मस्ती करतोय. तो मस्ती करत नसतो. पायाखालची जमीन निसटल्यावर ती पुन्हा सापडावी म्हणून तो जिवाच्या आकांतानं धडपडत असतो.

गाडी कशी चालवायची

माझ्या मते प्रवासातला निम्म्याहून अधिक फरक इथे पडतो. महागडा ट्रेलर, मऊ रबरी मॅट, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या हे सगळं नंतर.

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळता वळता ब्रेक लावला, तर घोड्याला एकाच वेळी पुढचा आणि बाजूचा असे दोन धक्के बसतात आणि कुठला पाय कुठे टाकावा हे त्याला कळत नाही. वळणातून बाहेर पडतानाची चूक याहून जास्त होते. गाडी सरळ झाली की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, पण मागचा ट्रेलर अजून वळणातच असतो. ट्रेलरची मागची चाकं सरळ रेषेत आलेली आरशात दिसेपर्यंत वेग वाढवू नये. एवढी एक सवय लागली तरी मागचा खडखडाट कमी झालेला ऐकू येतो.

चौकातलं गोल वर्तुळ सगळ्यात अवघड. आधी एका बाजूला रेटा, मग लगेच उलट बाजूला, मग पुन्हा पहिल्या. तिथे चालण्याच्या वेगानं जावं. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्यावेत. लेन बदलताना स्टिअरिंग अगदी हळू फिरवायचं. गतिरोधकावरून गाडीची चाकं उतरली म्हणजे काम संपलं असं नाही, ट्रेलरची चाकं अजून यायची असतात. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यावी, म्हणजे ब्रेक सारखा दाबावा लागत नाही. आणि पुढच्या वाहनापासून एरवी ठेवता त्याच्या किमान दुप्पट अंतर ठेवा. घोड्याला सगळ्यात वाईट धक्का करकचून लावलेल्या ब्रेकचा बसतो, आणि तो टाळायला हाताशी फक्त हे अंतर असतं.

सराव करायचा असेल, तर रिकामा ट्रेलर जोडून गाडीत शेजारच्या आसनाच्या पायाशी अर्ध्याहून जास्त भरलेली पाण्याची उघडी बादली ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यानं जाऊन या. पाणी कुठे सांडलं ते पाहा. स्वतः ट्रेलरमध्ये उभं राहून अनुभव घ्यायचा मोह होतो, पण चालत्या ट्रेलरमध्ये माणसानं कधीही बसू नये. ते जीवावर बेतू शकतं आणि अनेक ठिकाणी बेकायदाही आहे. त्यापेक्षा आत एक छोटा कॅमेरा लावा. थांबल्यावर चित्रण पाहिलं की कुठल्या वळणावर घोडा अडखळला ते नेमकं कळतं.

आत उभं राहायला जागा कशी हवी?

पाय फाकवता येतील इतकी. दोन घोड्यांच्या ट्रेलरमधली मधली फळी थेट जमिनीला टेकत असेल, तर घोडा पाय बाजूला टाकूच शकत नाही आणि भिंतीला टेकून राहतो. फळीचा खालचा भाग मोकळा किंवा लवचीक रबराचा असेल, तर धडापाशी आधारही मिळतो आणि पायांना जागाही. वळणावर धडपडणाऱ्या अनेक घोड्यांचा त्रास एवढ्या बदलानं बराच कमी होतो. घोडा एकटाच असेल आणि ट्रेलरच्या रचनेत तशी सोय असेल, तर मधली फळी बाजूला सरकवूनही पाहता येतं.

एकच घोडा न्यायचा असल्यास, किंवा दोघांत एक जड असल्यास, एकट्या वा जड घोड्याची जागा चालकाच्या बाजूला. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो. वजन कडेच्या बाजूला असेल, तर ट्रेलर तिकडे कलतो.

जमीन घसरडी नको हे उघड आहे. पण रबरी मॅट उचलून खालच्या लाकडी फळ्या पाहायला लोक विसरतात. मुतानं लाकूड आतून कुजतं आणि वरून काही दिसत नाही. घोड्याचा पाय फळीतून खाली रस्त्यावर गेल्याचे अपघात होतात आणि ते भयंकर असतात. म्हणून चाकांची हवा आणि ब्रेक तपासताना दर वेळी मॅटही उचलावी.

तोंड पुढे असावं की मागे?

यावर बरीच वर्षं वाद आहे. मागे तोंड करून उभा असलेला घोडा ब्रेक लागल्यावर मागच्या धडानं धक्का घेतो, तिथे त्याचे मोठे स्नायू असतात, आणि डोकं-छाती वाचते. काही प्रयोगांत मागे तोंड केलेल्या घोड्यांचा तोल कमी वेळा गेला आणि हृदयाचे ठोकेही कमी राहिले. इतर प्रयोगांत मात्र फारसा फरक दिसला नाही. मोकळं सोडलेल्या घोड्यांच्या आवडी वेगवेगळ्या दिसल्या: कुणी मागे तोंड केलं, कुणी तिरकं उभं राहणं पसंत केलं.

म्हणजे सर्वांना लागू असं एक उत्तर नाही. आपल्या घोड्याला काय मानवतं ते पाहायचं. पण एक इशारा गंभीरपणे द्यायला हवा. पुढे तोंड करण्यासाठी बनवलेल्या ट्रेलरमध्ये घोडा उलटा उभा करू नका. त्याच्या वजनाची जागा बदलते, ट्रेलरचं शेपूट जड होतं आणि वेगात तो डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो. शिवाय दांडे आणि दोराच्या कड्या चुकीच्या ठिकाणी येतात.

दोर किती सैल ठेवायचा?

दोर आखूड बांधला की घोडा सुरक्षित राहतो, अशी समजूत आहे. त्यामागची भीती खोटी नाही. दोर फार लांब असेल, तर पाय त्यात अडकतो किंवा घोडा वळायचा प्रयत्न करतो. पण फार आखूड दोराचे दोन तोटे आहेत. एक आधीच सांगितला: तोल सावरायला मान मोकळी लागते. दुसरा छातीतला आहे.

घोडा नैसर्गिकपणे दिवसाचा बराच भाग डोकं जमिनीशी नेऊन चरत घालवतो. त्या स्थितीत श्वासनलिकेतला कफ, धूळ आणि जंतू उताराने बाहेर येतात. डोकं तासन्‌तास वर बांधून ठेवलं, तर ही सफाई थांबते आणि जंतू खाली फुप्फुसाकडे साचत जातात. लांबच्या प्रवासानंतर घोड्यांना होणारा फुप्फुसाचा आणि त्याच्या आवरणाचा संसर्ग पुष्कळदा असा सुरू होतो. प्रवास दहा-बारा तासांच्या पुढे गेला की धोका स्पष्टपणे वाढतो, आणि वेळीच ओळखला नाही तर हा आजार जीव घेऊ शकतो.

म्हणून दोर इतका असावा की घोड्याला डोकं छातीच्या पातळीखाली नेता येईल, पण पाय अडकणार नाही. गाठ सुरगाठच हवी, एका ओढीत सुटणारी. म्होरकी चामड्याची असेल, तर जिवावरच्या प्रसंगी ती तुटते. नायलॉनची तुटत नाही, घोड्याची मान मात्र दुखावते.

बांधण्याचा क्रमही पाळायला हवा. चढवताना आधी मागचा आडवा दांडा लावायचा, मग डोकं बांधायचं. उतरवताना आधी डोकं सोडायचं, मग मागचा दांडा. हा क्रम उलटला, तर मागे सरकू पाहणाऱ्या घोड्याला मागे मोकळी जागा आणि पुढे ताणलेला दोर सापडतो. तो बुजतो, उसळतो, आणि चढता-उतरताना होणाऱ्या गंभीर दुखापतींपैकी कितीतरी याच क्षणी होतात.

मन शांत कशानं राहतं?

तोल सांभाळला जात असेल, तर मन बरंचसं आपोआप शांत होतं. तरी काही गोष्टी उरतात. घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात जाताना माणसापेक्षा हळू सरावतात. भर उन्हातून काळोख्या ट्रेलरमध्ये पाऊल टाक म्हणणं, म्हणजे न दिसणाऱ्या जागेत शिर म्हणणं. आत दिवा लावा, खिडक्या-झडपा उघडा, आतला रंग फिका असू द्या. हवा खेळती ठेवणं श्वासासाठीही लागतं, कारण बंद पेटीत घोड्याच्या अंगाची उष्णता आणि मुताचा उग्र वास दोन्ही झपाट्यानं वाढतात. फक्त त्याचं डोकं खिडकीबाहेर राहू देऊ नका.

सैल कड्या, खडखडणाऱ्या साखळ्या आणि वाजणाऱ्या झडपा घट्ट करा किंवा कापडानं गुंडाळा. जाळीत वाळलेलं गवत द्या, धूळ बसावी म्हणून ओलं करून. चघळत राहिलेला घोडा सहसा शांत असतो.

सर्वांत मोठा आधार मात्र सोबतीचा. कळपातल्या प्राण्याला एकटेपण हाच धोका वाटतो. ओळखीचा शांत घोडा शेजारी असेल, तर खिंकाळणं, मान फिरवणं, डोकं झटकणं कमी होतं. सोबत शक्यच नसेल, तर न फुटणारा आरसा लावून पाहण्यासारखा आहे. एकट्यानं प्रवास करणाऱ्या घोड्यांवर हा प्रयोग झाला आहे. खरा सोबती उत्तम, पण आरसाही एकटेपणापेक्षा बरा ठरला.

मग गुंगीचं औषध देऊन टाकलं तर?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यामागे घोड्याबद्दल काळजीच असते. पण विचार करा: घोड्याची अडचण तोलाची आहे, आणि गुंगीचं औषध पहिल्यांदा तोलच घालवतं. एसप्रोमेझिनसारख्या औषधानं रक्तदाब उतरतो आणि शरीराचं तापमान राखण्याची ताकदही कमी होते. शिवाय डोकं खाली लोंबवून उभा असलेला गुंगीतला घोडा मोठ्या आवाजानं दचकून अचानक उसळू शकतो. काही वेळा, जखमी घोडा हलवताना वगैरे, पशुवैद्य ते देतात आणि प्रमाणही तेच ठरवतात. स्वतःच्या मनानं देण्याचं हे औषध नाही, आणि स्पर्धेसाठी जाणाऱ्या घोड्याच्या चाचणीत ते सापडतं हेही लक्षात ठेवावं.

पण तो नुसता उभाच तर असतो, दमतो कशाला?

1836 पर्यंत इंग्लंडमध्ये शर्यतीचे बहुतेक घोडे मैदानापर्यंत चालत जायचे. त्या वर्षी लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी एलिस नावाचा घोडा घोड्यांनीच ओढलेल्या, आतून गादी लावलेल्या बंद गाडीत घालून दक्षिणेतल्या गुडवुडहून उत्तरेतल्या डॉनकास्टरला शर्यतीसाठी नेला. पैज लावणाऱ्यांना वाटत होतं की घोडा अजून दक्षिणेतच आहे, तो काही वेळेवर पोचत नाही. एलिस पोचला आणि सेंट लेजर ही तिथली मोठी शर्यत जिंकला. तेव्हापासून गाडीतला प्रवास म्हणजे घोड्याला आराम, ही कल्पना रुजली.

अनेक दिवस चालण्याच्या तुलनेत तो आराम होताच. पण चालत्या ट्रेलरमध्ये उभं राहायला घोड्याला साधारण संथ चालण्याइतकी शक्ती खर्चावी लागते. एरवी घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, कारण पायातल्या कंडरा आणि अस्थिबंधांची रचना सांधे जागच्या जागी धरून ठेवते. ट्रेलर हलत असताना ही सोय वापरता येत नाही, स्नायू सतत काम करत राहतात. चार तासांचा प्रवास म्हणजे चार तासांची चाल, असं धरून नियोजन करावं. दर तीन-चार तासांनी सावलीत गाडी थांबवा, पंधरा-वीस मिनिटं त्याला स्थिर उभं राहू द्या, पाणी दाखवा. अनोळखी पाणी पुष्कळ घोडे पीत नाहीत, म्हणून घरचं पाणी बरोबर असावं. पाणी कमी पडलं की पोटशूळाचा धोका वाढतो. रहदारीच्या रस्त्याच्या कडेला मात्र घोडा खाली उतरवू नका.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे त्याला मोकळं सोडून डोकं खाली घालू देणं. गवत जमिनीवर ठेवा. मोठ्या प्रवासानंतर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला, घोडा खाईना किंवा खोकू लागला, तर वाट न पाहता पशुवैद्याला बोलवा.

माझा घोडा आत्ताच चढत नाही, मग?

आधी वरचं सगळं दुरुस्त करा, नाहीतर शिकवणं वाया जातं. मग प्रवास नसलेल्या दिवशी, घाई नसताना सुरुवात करा. ट्रेलर गाडीला जोडलेला आणि पक्का उभा हवा. रॅम्पवर एक पाय टाकला की दोर सैल सोडा आणि त्याला मागे येऊ द्या. परत जाता येतं हे कळलं की पुढे जाण्याची भीती घटते. चढण्याइतकंच उतरणंही शिकवायचं असतं, एकेक पाऊल मागे, शांतपणे. आत उभा राहून तो गवत खाऊ लागला, की मगच मागचा दांडा. तो सवयीचा झाला की इंजिन सुरू करा, पण जागेवरच. त्यानंतर सोबत्यासह अगदी छोटी फेरी, सरळ रस्त्यानं, आणि परत आपल्याच ठिकाणी. मारून, दोरानं खेचून एकदा घोडा आत जाईलही, पण पुढच्या वेळी तो रॅम्प दिसण्याआधीच अडेल.

आणि वाहन जपून चालवूनही, जागा भरपूर देऊनही घोडा धडपडतच असेल, विशेषतः एकाच बाजूच्या वळणावर, तर शिकवणं थांबवा आणि त्याला तपासून घ्या. पाठ, मागच्या पायांचे सांधे किंवा खूर दुखत असेल, तर त्या पायावर भार घेणं तो टाळतो, आणि नेमक्या त्याच बाजूला त्याचा तोल जातो.